वुनीवीचं विरजण

"दगड लांब फेकू नका गं, झाकताना पुन्हा हेच लागतील," असं म्हणत सेरेइमा खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून बसली.

बायका हसल्या. सासू गेली की सून सासूसारखी बोलायला लागते, हे नामोलेवू गावात कुणाला नवीन नव्हतं. तिची सासू, म्हातारी तोरिका, जाऊन आदल्या रात्री शंभर रात्री पुऱ्या झाल्या होत्या. सुतक फिटलं. डुक्कर भाजून आणि यंगोनाच्या मुळीचा काढा पिऊन पुरुष अजून घोरत होते. तोरिकाच्या हातानं झाकलेला खड्डा उघडायला बायका मात्र सकाळीच जमल्या होत्या.

नीरफणस सोलायचा, केळीच्या पानांचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात दाबून भरायचा, वर पुन्हा पानं आणि पानांवर दगड. आत तो महिनोन्‌महिने आंबत राहतो. हवा तेव्हा गोळा काढून मळायचा आणि पानात बांधून निखाऱ्यावर भाजायचा. ही आंबूस भाकरी म्हणजे मांद्राई. नवीन फणस भरताना तळाचं जुनं पीठ थोडं ठेवायचंच; दुधाला विरजण लागतं तसं. सेरेइमाच्या घरातलं हे तळाचं पीठ तोरिकाला तिच्या सासूकडून मिळालं होतं, त्या सासूला तिच्या सासूकडून. ते संपू दिलं नाही, एवढीच त्या घरातल्या बायकांची कर्तबगारी. गावातले बाकीचे खड्डे दुकानातल्या पावानं आणि बिस्किटांनी कधीच बुजवले होते. त्यामुळे आता साऱ्या गावाची मांद्राई या एकाच खड्ड्यातून जायची.

आणि हा एकच खड्डा शंभर रात्री कुणी उघडला नव्हता. जिनं शेवटचा झाकला ती गेली, तर तिचं सुतक फिटेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही, अशी नामोलेवूची रीत. त्याच दिवसांत वादळ आलं. समुद्र घरांच्या पायऱ्यांपर्यंत चढला. झाडांवरचे सगळे नीरफणस एका दिवसात जमिनीवर आले. एरवी वादळानंतर बायका पडलेले फणस गोळा करून खड्ड्यात भरत आणि त्यावर पुढचे टंचाईचे दिवस निघत. यंदा फणस झाडांखाली सडले. बायका फणसांकडे बघत, खड्ड्याकडे बघत आणि आपापल्या घरी जात. रीत म्हणजे रीत.

शेवटचा पानांचा थर निघाला. चांगल्या खड्ड्यालाही वास असतोच. परका माणूस नाक दाबून पळतो. पण गावच्या माणसाच्या तोंडाला त्या वासानं पाणी सुटतं. हा वास तसा नव्हता. सेरेइमानं कोपरापर्यंत हात घातला आणि काळा गाळ वर काढला. नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

"खारं आहे," ती म्हणाली.

"अगं, तळाशी बघ," मागून कुणीतरी म्हणालं.

"तळाशीच आहे माझा हात."

मग कुणी हसलं नाही. बाजूला रचलेले दगड तसेच राहिले.

*

त्या संध्याकाळी तिला पुन्हा ती हाक ऐकू आली.

प्रार्थनेचा ढोल वाजून गेला की घरात शिरण्यापूर्वी एक घटका अशी असते, की माड काळे दिसतात आणि समुद्र अजून पांढरा असतो. त्या वेळेला कुणी नावानं हाक मारली तर ओ देऊ नये, हे तिकडचं पोरसुद्धा जाणतं. ओ दिली की हाक मारणारा हात धरून घेऊन जातो. सेरेइमाला नावानं हाक येत नसे. खड्ड्याच्या बाजूनं फक्त एक प्रश्न यायचा, "आई, पानं पुरतील का?"

ही केलेरा. मुलग्यांमागे झालेली तिची एकच मुलगी. खड्डा झाकायचा दिवस आला की पानं हातात देण्याचं काम तिचं, आणि दर वेळी तिचा हाच प्रश्न. पानांचा ढीग तिच्या डोक्याएवढा असला तरी विचारणारच. "पुरतील गं बाई, पुरतील," असं सेरेइमानं तेव्हा किती वेळा चिडून म्हटलं असेल. आता ती ओठ घट्ट मिटून घरात जायची आणि दिव्याची वात मोठी करायची.

केलेराला समुद्रापलीकडे वुनीवीला दिली होती. जाताना तिनं रीतीप्रमाणे तळाच्या पिठाचा गोळा पानात बांधून नेला. दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणाला अडली. तिला नावेत घालून इस्पितळाकडे निघाले, पण अर्ध्या वाटेत ती गेली आणि मूलही गेलं. मुलीला माहेरी आणा, असा सेरेइमानं निरोप धाडला. निरोप पोचेपर्यंत वुनीवीच्या लोकांनी तिला नवऱ्याच्या जमिनीत पुरलं होतं. वर कुणीतरी येऊन सांगितलं की चार रात्री होताहेत न होताहेत तोच तिच्या हातानं झाकलेला खड्डा उघडला आणि घरचे मांद्राई खायला बसले. शंभर रात्री सोडा, दहा रात्रीसुद्धा धीर धरवला नाही मेल्यांना. सेरेइमा त्या दिवशी चर्चच्या दारात उभी राहून सगळ्या गावादेखत म्हणाली होती, "वुनीवीच्या पाण्याचा घोट माझ्या पोटात जायचा नाही. आणि तो खड्डा उघडणाऱ्या हातांना माझा शाप लागो." ती सुतकाला गेली नाही. मुलीच्या थडग्यासाठी विणलेली चटई गुंडाळून आढ्याला टांगली ती टांगलेलीच राहिली. त्यानंतर इसिकेली जावयानं दुसरं लग्न केलं, हेही तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तोरिका जिवंत होती तोवर म्हणायची, "जाऊन ये गं एकदा. पोर वाट बघत असेल." मेलेल्या पोरीबद्दल असं बोललेलं सेरेइमाला खपत नसे. आता म्हातारीही गेली आणि खड्डाही गेला.

*

वादळानंतर गावातल्या पोरांची पोटं जी बिघडली ती सुधारेनात. सेरेइमाची नात विका, तिच्या मुलाची मुलगी, तीन वर्षांची. तिचं पोट ढोलासारखं फुगायचं, ढेकरांना कुजकट वास, आणि शी अशी की बायका तोंड फिरवायच्या. शलेश्नी नर्स बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यातून यायची, औषध द्यायची. आठवडाभर पोर खेळायची आणि पुन्हा आडवी व्हायची. आता तर तिचे दंड सेरेइमाच्या दोन बोटांत मावत होते.

"हा किडा औषधानं मरतो," शलेश्नी पायरीवर बसत म्हणाली. ती मूळची उसाच्या मुलखातली हिंदुस्थानी बाई, पण या बेटावर तिचे केस पिकले होते. "डोळ्याला दिसायचा नाही एवढा लहान. आतड्याला जळूसारखा चिकटतो. मरतो, पण झऱ्याच्या पाण्यातून नवा येतो."

"पाणी उकळतो आम्ही."

"घरात उकळता. झऱ्यावर पोरं तोंड लावतात ते?"

सेरेइमानं विकाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "आधी नव्हतं असं व्हायचं. आजारी पडायची पोरं, नाही असं नाही. पण उठायची."

"मी पण तेच बघतेय. मागच्या वादळातसुद्धा झरा नासलाच होता. पण तुमच्या गावची पोरं इतकी लोळली नव्हती. दुसऱ्या गावांची लोळली." शलेश्नीनं विकाच्या पोटावरून हात फिरवला. "मी मोठ्या इस्पितळात पत्र लिहून विचारलं. ते म्हणतात, आंबवलेल्या अन्नात चांगले जंतू असतात. ते आतड्यात आधीच जागा धरून बसले, तर या चोराला टेकायला जागा मिळत नाही. उंदरांवर करून बघितलंय म्हणे."

"उंदरांवर?"

"हो. माणसांचं एवढं खात्रीनं नाही सांगता येत. मांद्राई म्हणजे औषध नव्हे, बाई. औषध मी देते तेच, ते बंद करायचं नाही. हे म्हणजे कुंपण. तेही भोकं पडलेलं. पण कुंपणच नसण्यापेक्षा बरं."

"ते कुंपण समुद्रानं नेलं," सेरेइमा म्हणाली.

"नवीन खड्डा घाला. झाडांना पुन्हा फणस लागलेत."

"कशावर घालू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नुसता फणस पुरला तर आंबेल, पण कशानं आंबेल कुणाला ठाऊक. एकदा माझ्या जावेनं घातला होता तसा. डुकरांनीसुद्धा तोंड लावलं नाही."

"आमच्यात विरजण मोडलं की शेजारणीकडून वाटीभर मागून आणतात. मी विकाला दही पाठवते माझ्याकडचं, दूधपावडरचं आहे, कधी लागतं, कधी नाही. पण वाटीभर दह्यावर गावभर पोरं किती दिवस काढणार?" ती उठली, छत्री उघडली आणि जरा थांबून म्हणाली, "तुमच्यातलं विरजण एका ठिकाणी अजून आहे. अख्ख्या बेटाला ठाऊक आहे ते. मी बाहेरची म्हणून मीच बोलते."

शलेश्नी निघून गेली. सेरेइमाच्या मांडीवर विका झोपली होती आणि झोपेत दात खात होती. रविवारभर ती त्या दातांचा आवाज ऐकत बसली. सोमवारी तिनं शिडी लावली आणि आढ्यावरची चटई खाली काढली.

*

वुनीवीला न्यायला होडी सेमेसाची. तो तिचा मामेभाऊ. मामेभावानं थट्टा केली नाही तर नातं वाळून जातं, असं तिकडे मानतात. सेमेसानं ते कधी वाळू दिलं नव्हतं.

"बस मधोमध, नाहीतर नाव कलंडेल," तो म्हणाला. "वादळानं गावाचं धान्य नेलं, तुझं कंबरडं मात्र जसंच्या तसं."

"तुझ्या बायकोनं नाव ढकलली म्हणून पाण्यात तरी आली. तुझ्या हातून होईल का?"

"आणि चटई कशाला एवढी? सासरी राहायला चाललीस?"

"तुला गुंडाळून समुद्रात टाकायला."

असं चाललं होतं. पण दोन बेटांच्या मध्ये, जिथं पाण्याचा रंग एकाएकी काळा होतो, तिथं सेमेसाची थट्टा थांबली. त्यानं यंत्राचा आवाज कमी केला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. सेरेइमाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिला समजलं. केलेरा गेली ती इथं. ती पाण्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं की इथं आवाज येईल. आला नाही. भर दुपारी नुसतं पाणी नावेच्या फळीवर आपटत होतं. तिला ते फार एकटं वाटलं. इतकी वर्षं ज्या आवाजाला ती भ्यायची, तो इथं नाही म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वुनीवीच्या किनाऱ्यावर सेमेसा भेटीची यंगोनाची मुळी घेऊन पुरुषांकडे गेला. काय बोलायचं, कुणापुढे मान लववायची, ते तो बघणार होता. सेरेइमा चटई काखेत मारून चिंचोळ्या वाटेनं निघाली आणि कुणी न दाखवताही बरोबर इसिकेलीच्या घरापुढे येऊन उभी राहिली.

दारात एक पंचविशीतली बाई नारळ सोलत होती. शेजारी वर्षा-दीड वर्षाचा पोरगा उघडाच बसला होता, आणि त्याच्या मुठीत मांद्राईचा तुकडा होता. पोर वाटोळं, तुकतुकीत, हाताला वळ्या. वादळ या बेटावरूनही गेलं होतं. झरा इथलाही नासला असणार. सेरेइमानं त्या पोराच्या पोटाकडे पाहिलं आणि तिला विकाचे दंड आठवले.

बाई उठली. ही अकोसिता, इसिकेलीची दुसरी बायको. तिनं डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "या, आई."

"मी तुझी आई कधी झाले?"

"तुमच्या मुलीच्या चुलीवर रांधते, तिच्या खड्ड्यातलं खाते. मग काय 'अहो बाई' म्हणू?" अकोसिताच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिनं एका घावात शहाळं फोडलं आणि पुढे धरलं. "पाणी विचारत नाही. तुमची शपथ ठाऊक आहे आम्हाला. हे झाडावरचं आहे, हे चालेल ना?"

सेरेइमानं शहाळं घेतलं. इतका वेळ जुळवून ठेवलेली वाक्यं तिला आठवेनात. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आमचं विरजण मोडलं."

"ऐकलं. मी रोज समुद्राकडे बघत होते, कुणी येतंय का. इसिकेलीला म्हटलं, आपण नेऊन देऊ. तो म्हणाला, त्या घेणार नाहीत आपल्या हातचं." अकोसितानं पोराला कडेवर मारलं. "चला मागे."

खड्डा घरामागे फणसाच्या झाडाखाली होता. उतारावर, समुद्रापासून उंच. शेजारीच, दहा पावलांवर, पांढऱ्या वाळूचं आणि शिंपल्यांच्या कडेचं थडगं होतं. सेरेइमानं ते पाहिलं, पण तिकडे गेली नाही. आधी खड्डा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. अकोसितानं दगड उचलले, पानं बाजूला सारली, आणि तो वास वर आला.

तो तिच्या घरचा वास होता. तोरिकाच्या हातांचा, तिच्या स्वतःच्या हातांचा, आणि शाळेतून आलेल्या केलेराच्या केसांनाही यायचा तो. सेरेइमा काठाशी बसली.

"तू कुठून शिकलीस?" तिनं विचारलं.

"तिच्याकडून. मी लग्नाआधी शेजारच्याच घरातली. तिला दिवस गेले, पोट वाढलं, वाकता येईना. मग ती अशी काठावर बसायची आणि मी खाली उतरायचे. दाब, अजून दाब, तिथं हवा राहिली, अगं तुला हात आहेत की काटक्या?" अकोसिता हसली. "फार बोलायची मला."

सेरेइमालाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. तिच्या आत जे इतकी वर्षं टोचत होतं ते तिनं काढून पुढे ठेवलं. "चार रात्रींत उघडलात तुम्ही हा. तिचं सुतक होतं."

"मी उघडला. घरच्यांनी नाही." अकोसितानं हातातलं पान बाजूला ठेवलं. "नावेत चढवत होते ना तिला, तेव्हा माझं मनगट धरून म्हणाली, पावसाचं पाणी शिरलंय, पानं बदलायला हवीत, माझी वाट बघू नकोस. कळांमध्ये हे बोलत होती. चौथ्या दिवशी मी दगड काढले. सासूबाईंनी मला गावभर शिव्या घातल्या, तुमच्याकडून शाप आला. मी म्हटलं, शाप लागला तर लागो. मेलेल्या माणसाचा शब्द मोडला तर जास्त लागेल. वरचं कुजलं होतं. तळाचं जगलं."

सेरेइमानं खाली पाहिलं. तिच्या स्वतःच्या गावात बायका शंभर रात्री हात बांधून बसल्या, आणि त्यात तीही होती. समुद्र आत शिरलेला दिसत असूनही बसल्या. रीत पाळली, मान राखला, आणि खड्डा मेला. इथं एका परक्या पोरीनं शिव्या खाऊन रीत मोडली आणि केलेराच्या हातचं जिवंत ठेवलं. शाप तिनं ज्या गोष्टीला दिला होता, त्याच गोष्टीपुढे ती आज हात पसरून बसली होती. तिला लाज वाटली. कुणी बघत नसतं तर ती मोठ्यानं रडली असती, पण अकोसिताचा पोरगा तिच्याकडेच टक लावून बघत होता.

"मी काढू की तुम्ही काढता?" अकोसितानं विचारलं.

सेरेइमानं बाही वर सारली. वरचं मऊ पीठ बाजूला करत तिचा हात खाली खाली गेला. तळाचं पीठ गार आणि घट्ट होतं. तिनं ते बोटांत धरलं आणि लगेच वर काढलं नाही. हात तसाच आत ठेवून ती बसून राहिली. अकोसितानं घाई केली नाही. ती पोराला घेऊन केळीकडे गेली.

गोळा पानात बांधून झाला, पानावर दोरी आली. मग सेरेइमा उठून थडग्यापाशी गेली, चटई उलगडली आणि वाळूवर अंथरली. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता. तो तिनं खाली दुमडला.

तेवढ्यात खाली गावात प्रार्थनेचा ढोल वाजला. माड काळे दिसायला लागले आणि समुद्र अजून पांढरा होता. सेरेइमानं सवयीनं ओठ मिटले.

"आई," मागून खड्ड्याच्या बाजूनं आवाज आला, "पानं पुरतील का?"

सेरेइमा वळली नाही. वळली असती तर अकोसिता दिसली असती, पानांचा डोक्याएवढा ढीग कवेत घेऊन उभी असलेली. तो प्रश्न तिनं कुणाकडून उचलला, ते विचारायला नको होतं. पीठ जसं आलं तसाच तो आला होता. पण त्या क्षणी सेरेइमाला ते ताडून बघायचं नव्हतं. ती चटईवरून हात फिरवत राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या वेळेला, तिनं ओ दिली.

"पुरतील, बाळ," ती म्हणाली. "पुरतील. आले मी."

मग ती खड्ड्याशी येऊन बसली. अकोसिता पान देत गेली आणि ती एकावर एक लावत गेली. दगड दोघींनी मिळून ठेवले. शेवटचा दगड बसल्यावर सेरेइमानं पिठाचे हात गवताला पुसले आणि प्यायला पाणी मागितलं.